मदत हवी आहे: आईची कॅन्सरची गोळी आणि डिप्रेशनची गोळी एकत्र चालत नाही म्हणे, कुठली बंद करू?

मलप्रभाकाठ (शनिवार, रात्री ९:४०)
खानापूर तालुक्यातून लिहितोय. आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मागच्या वर्षी बेळगावात झालं. किमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, आता हार्मोनची गोळी चालू आहे. किमोनंतर आई एकदम गप्प झाली. जेवायची नाही, भिंतीकडं तोंड करून पडायची, शेजारच्या मावशी आल्या तरी उठायची नाही. शेवटी तीन महिन्यांमागं मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एक गोळी दिली आणि महिन्याभरात फरक पडला की. चुलीपाशी बसायला लागली, देवळात जायला लागली.
मंगळवारी बेळगावात औषधं घेताना दुकानातल्या पोरानं दोन्ही चिठ्ठ्या बघितल्या आणि म्हणाला, या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत, कॅन्सरच्या गोळीचा असर जातो. आई शेजारीच उभी होती. कॅन्सरच्या डॉक्टरांची तारीख वीस दिवसांनी आहे, फोन लागत नाही. कुठली बंद करायची तेवढं सांगा. लवकर, प्लीज.

निपाणीची_लेक (९:५२)
दोन्ही गोळ्यांची नावं काय? टॅमॉक्सिफेन की लेट्रोझोल? आणि मनाची कुठली? मी स्वतः टॅमॉक्सिफेनवर चौथ्या वर्षात आहे, म्हणून विचारते.

टिळकवाडी_६८ (१०:०१)
कॅन्सर झालेल्या बाईला हार्मोनची गोळी दिलीच कुणी? पाळी गेल्यावर माझ्या बहिणीला हार्मोन सुरू केले होते, पुढं डॉक्टरांनीच धोका सांगून बंद केले. आधी ती हार्मोनची गोळी थांबवा, मग बाकीचं बघा.

निपाणीची_लेक (१०:०६)
काका, तुमच्या बहिणीला दिली ती हार्मोन वाढवणारी. कॅन्सरवाल्या बाईला देतात ती हार्मोन अडवणारी. आम्ही दोन्हीला 'हार्मोनची गोळी' म्हणतो म्हणून घोळ होतो. हे वाचून त्यांनी खरंच बंद केली तर?

मलप्रभाकाठ (१०:११)
मग बंद करायची की नाही? कॅन्सरची गोळी पांढरी आहे, रोज एक. दुसरी रात्री देतो. नावावरून काय होणार आहे, दोन गोळ्या एकत्र चालतात की नाही एवढंच विचारूलालोय.

गोळ्यांचा_हिशेब (१०:१८)
शहापुरात औषधांच्या दुकानात बसतो, बी. फार्म. आहे. दादा, सगळं नावावरच आहे. गोळ्या निम्म्या दुनियेच्या पांढऱ्याच असतात. पाकीट हातात घ्या आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम इथं टाका. तोवर कॅन्सरची गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका.

चिकोडी_मास्तर (१०:२५)
घाबरू नका. माझी पत्नी दोन वर्षं लेट्रोझोल आणि फ्लुओक्सेटिन दोन्ही घेते आहे. डॉक्टरांना ठाऊक आहे, रिपोर्ट चांगले आहेत. दुकानातल्या पोरांना इंटरनेटवर काहीतरी दिसतं आणि ती पेशंटला घाबरवतात. दोन्ही चालू ठेवा.

गोळ्यांचा_हिशेब (१०:३८)
मास्तर, वहिनींचं बरोबर आहे, पण ते इथं लागू होईलच असं नाही. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनॅस्ट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, तयारच होऊ देत नाही, आणि ते काम ती गोळी स्वतः करते. टॅमॉक्सिफेनचं तसं नाही. ते बरंचसं कच्च्या मालासारखं पोटात जातं. लिव्हरमध्ये सीवायपी २डी६ नावाचं एक एन्झाइम आहे, ते त्याचं एन्डॉक्सिफेन करतं. खरा जोर एन्डॉक्सिफेनचा. काही डिप्रेशनच्या गोळ्या हेच एन्झाइम अडवतात. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन सगळ्यात जास्त, ब्युप्रोपिऑनही. ड्युलॉक्सेटिन मध्यम. म्हणजे वहिनींची फ्लुओक्सेटिन लेट्रोझोलबरोबर या कारणासाठी अडचणीची नाही, पण टॅमॉक्सिफेनबरोबर असती तर मी स्वतः डॉक्टरांना फोन केला असता.
दुकानातल्या पोरानं बघितलं हे चांगलंच केलं. फक्त पेशंटसमोर बोलायला नको होतं, आणि डॉक्टरांना विचारा हे सांगायला हवं होतं.

चिकोडी_मास्तर (१०:४४)
हे एन्झाइमचं मला माहीत नव्हतं. तरी सांगतो, आमचा अनुभव खरा आहे.

प्राणायाम_रोज (१०:५०)
मनासाठी केमिकल कशाला? अनुलोम-विलोम सुरू करा, अश्वगंधा आणि शतावरी द्या. आमच्या वाड्यातल्या तीन बायकांना फरक पडला. डिप्रेशनची गोळी आजच सोडा, सवय लागते तिची.

निपाणीची_लेक (१०:५८)
प्राणायाम करू देत, कोण नको म्हणतंय? मीही करते. पण तुमच्या त्या तीन बायकांना कॅन्सर होता काय? ऑपरेशननंतर मी आठ महिने रात्र रात्र जागी होते, पोराला शाळेत सोडायला उठवत नव्हतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्राम दिली तेव्हा मी माणसांत आले. आणि टॅमॉक्सिफेनवर असताना शतावरी, सोयाच्या गोळ्या, काढे, काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. एका बाईला 'सोडा' म्हणून सांगणं सोपं आहे हो, तिच्या घरात रात्री काय होतं ते तुम्हाला दिसत नाही.

मलप्रभाकाठ (११:२०)
पाकिटं शोधली. कॅन्सरची टॅमॉक्सिफेन २०. दुसरी पॅक्सिडेप सीआर २५, खाली पॅरॉक्सेटिन लिहिलंय.
एक सांगायचं राहिलं. दुकानातून आल्यावर आईनं ती मनाची गोळी स्वतःच बंद केली. मंगळवारपासून घेतलेली नाही. परवापासून तिला चक्कर येते, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं म्हणते. मळमळतंय. काल रात्रभर झोपली नाही, आज सकाळी बिनकारण रडूलाली. आम्हाला वाटलं कॅन्सर डोक्यात गेला. म्हणून घाई करतोय.

गोळ्यांचा_हिशेब (११:२९)
हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं, दादा. नीट वाचा.
पॅरॉक्सेटिन अंगातून लवकर उतरतं, साधारण एका दिवसात निम्मं. त्यामुळं एकदम बंद केलं की चक्कर, मळमळ, डोक्यात करंट, चिडचिड, रडू, झोप उडणं हे सगळं बंद केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू होतं. तुम्ही सांगताय ते बरोब्बर त्यात बसतं. तरीही खात्री डॉक्टरांनी करायची. उलटी थांबत नसेल, डोकं प्रचंड दुखत असेल, एक हात-पाय लुळा वाटत असेल, शुद्ध हरपत असेल तर आत्ता रात्री दवाखान्यात न्या.
दुसरं, दुकानातल्या पोराचंही खरं आहे. टॅमॉक्सिफेनबरोबर डिप्रेशनच्या गोळ्यांत सगळ्यात अडचणीची हीच. म्हणून गोळी बदलावीच लागणार, पण ती डॉक्टरांच्या हातून, हळूहळू. वीस दिवस थांबायचं नाही. उद्या रविवार असला तरी मनाच्या डॉक्टरांना फोन करा.

अनगोळकर (११:३४)
तोवर अर्धी अर्धी करून द्या ना.

गोळ्यांचा_हिशेब (११:३६)
नको! सीआर गोळी आहे, हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली. मोडायची नाही, चावायची नाही. कमी डोसची वेगळी मिळते, ती डॉक्टरांनी लिहून द्यायची.

निपाणीची_लेक (११:४१)
भाऊ, एक विचारते, राग मानू नकोस. आई 'आता जगून काय करू' असं काही बोलते काय? बोलत असेल तर तिला एकटं झोपवू नका, गोळ्यांची पाकिटं तुझ्याजवळ ठेव. टेली-मानसचा १४४१६ नंबर सरकारी आहे, रात्रीही चालतो, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते.

मलप्रभाकाठ (११:५५)
'तुमच्यावर ओझं झाले' असं म्हणाली. आज बहीण तिच्याजवळ झोपलीय. लावतो नंबर.
म्हणजे तीन महिने आम्ही तिला कॅन्सरचं औषध पाण्यातच घातलं काय? हे डोक्यातून जात नाही.

गोळ्यांचा_हिशेब (रविवार, सकाळी ६:५०)
नाही. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओचा अभ्यास आला होता, टॅमॉक्सिफेनबरोबर या प्रकारची एक डिप्रेशनची गोळी घेणाऱ्या २४३० बायकांचा. त्यात टॅमॉक्सिफेनच्या एकूण काळातला जितका जास्त भाग पॅरॉक्सेटिनबरोबर गेला, तितका कॅन्सरनं मृत्यूचा धोका जास्त दिसला. बाकीच्या गोळ्यांत तसं दिसलं नाही. नंतरच्या काही अभ्यासांत हा फरक आढळलाही नाही, पण चांगला पर्याय असताना डॉक्टर हा धोका घेत नाहीत. टॅमॉक्सिफेन पाच वर्षांचं, काहींना दहा वर्षांचं. त्यातले तीन महिने. आणि औषध शून्य झालेलं नसतं, एन्डॉक्सिफेन कमी तयार होतं. पॅरॉक्सेटिन गेल्यावर एन्झाइम पुन्हा कामाला लागतं.

अनगोळकर (८:१५)
एवढ्या भानगडीपेक्षा टॅमॉक्सिफेनच बदलून लेट्रोझोल मागा. मास्तरांच्या घरी चाललंय ना? नाहीतर पुण्या-मुंबईला त्या एन्झाइमची जीन टेस्ट करून घ्या, एकदाच काय ते कळेल.

निपाणीची_लेक (८:२२)
मलप्रभाकाठ, आईचं वय काय? पाळी कधी गेली?

मलप्रभाकाठ (८:३०)
४७. किमोत गेली, परत आली नाही.

निपाणीची_लेक (८:४१)
मग लेट्रोझोल असं सरळ देता येत नाही. किमोत गेलेली पाळी म्हणजे ओव्हरी कायमची थांबली असं नव्हे. ओव्हरी चालू असेल तर नुसतं लेट्रोझोल काम करत नाही, उलट ओव्हरीला चाळवू शकतं. त्याआधी रक्त तपासतात, ओव्हरी थांबवायची इंजेक्शनं देतात. माझंही हेच झालं होतं, ४३ व्या वर्षी, म्हणून ठाऊक. तो निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा. आणि जीन टेस्ट आमच्या डॉक्टरांना मीच विचारली होती. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांची संघटनासुद्धा ती करून टॅमॉक्सिफेन ठरवा असं सांगत नाही, म्हणाले. अडवणारी गोळी काढली की झालं. हजारो रुपये टेस्टला घालू नकोस.

सीमाभागी (९:०५)
खरा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या आया-बहिणींना दवाखान्यात कन्नडमध्ये सांगतात, कागद इंग्रजीत, आणि त्या मान डोलावून घरी येतात. मराठीत कुणी नीट समजावलं असतं तर ही वेळ आली नसती. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तुमचं गाव यादीत आहे का बघा.

टिळकवाडी_६८ (९:१२)
यादीत असून दाखले गोळा करताना जीव जातो. माझ्या भाच्यानं चार खेपा घातल्या.

चिकोडी_मास्तर (९:२०)
भाषेचं म्हणाल तर आमचे डॉक्टर कन्नडिग आहेत, वहीवर चित्र काढून मराठीत समजावतात. माणसावर असतं.

निपाणीची_लेक (९:२३)
योजनेचा वेगळा धागा काढा. इथं त्याच्या आईचं बघू या.

मलप्रभाकाठ (सोमवार, सायंकाळी ७:१०)
काल दुपारी मनाच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, आज आईला घेऊन गेलो. चक्कर, करंट हे गोळी तोडल्यामुळंच, असं तपासून सांगितलं. बारीक डोसची, १२.५ ची पॅरॉक्सेटिन थोडे दिवस परत सुरू केली, ती कमी करत बंद होणार. सोबत व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ चालू केलंय. ते टॅमॉक्सिफेनच्या वाटेत फारसं येत नाही म्हणाले. आईला दिवसातून सात-आठ वेळा गरम वाफा येतात, पदर भिजतो, त्यालाही त्यानं उतार पडेल. बी.पी. वाढू शकतं, म्हणून आठवड्यातून दोनदा बघायला सांगितलंय. कॅन्सरच्या डॉक्टरांशी त्यांनी माझ्या फोनवरूनच बोलून घेतलं.
चूक माझी आहे ती लिहितो. मनाच्या डॉक्टरांकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा कॅन्सरची फाईल नेलीच नव्हती. 'ऑपरेशन झालंय' एवढंच बोललो, चालू गोळी सांगितली नाही. आणि कॅन्सरच्या दवाखान्यात या गोळीचं बोलू नको म्हणून आईनं शपथ घातली होती. 'येड्याच्या डॉक्टरकडं जाते म्हणतील' अशी तिची भीती. दोन डॉक्टर, दोघांपैकी एकालाही दुसरी गोळी ठाऊक नव्हती. आज दोन्ही फायली एका पिशवीत घालून नेल्या, आईच्या हातात दिल्या. तिनंच टेबलावर ठेवल्या.

निपाणीची_लेक (७:२५)
बरं केलंस. आईला माझा नमस्कार सांग. मीही वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, नणंदेलासुद्धा नाही. तिला बोलावंसं वाटलं तर इथून मेसेज कर, मी फोन करीन.

मलप्रभाकाठ (७:४०)
सांगतो अक्का. बी.पी.चं मशीन कुठलं घेऊ? मनगटावरचं स्वस्त मिळतंय.

गोळ्यांचा_हिशेब (७:५८)
दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं चुकतं. आणि एक विचारायचं राहिलं. आईला रात्री खोकला, सर्दीला काय देता? डायफेनहायड्रामिन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर तेही हेच एन्झाइम अडवतं. एखाद्या चमच्यानं काही बिघडत नाही, पण रोज रात्री झोपेसाठी म्हणून देत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

मलप्रभाकाठ (८:०६)
झोप येत नाही म्हणून महिनाभर दोन-दोन चमचे देतोय. बाटली बघितली, तेच लिहिलंय. आजपासून देत नाही. उद्या सकाळी फोन करून त्यांना सांगतो.