पावसाळ्यात माथेरानला तरुण संघाचे सेवा शिबिर: कोणते काम हाती घ्यावे?

पावसाळी_पुणेकर:
सर्वांना जय ख्रिस्त. पुण्यातील आमच्या मंडळीच्या तरुण संघाने जुलैमध्ये माथेरानला दोन मुक्कामांचे सेवा शिबिर घ्यावे, असे पाळकसाहेबांनी सुचवले आहे. साधारण तीस जण येतील आणि त्यांतील बहुतेक महाविद्यालयात शिकणारे आहेत. दोनशे रोपे सोबत नेऊन तेथील जंगलात लावावीत, असा तरुणांचा आग्रह आहे. ज्येष्ठांना मात्र अशा धुवाधार पावसात काही काम होईल की मुले नुसती भिजून परततील, अशी शंका वाटते. तेथे खरोखर उपयोगी पडेल असे काम कोणते, सामान वर कसे न्यावे आणि सकाळ-संध्याकाळची उपासना कशी घ्यावी, याविषयी माहितगारांनी मार्गदर्शन करावे.

नेरळकर:
रोपांचा बेत सोडून द्यावा. माथेरानचे पठार उघडेबोडके नाही. अंजन, जांभूळ, पिसा अशा झाडांचे दाट छत तेथे आधीच आहे आणि त्या सावलीत रोपवाटिकेतून आणलेला गुलमोहर जगत नाही, जगला तरी तो तेथे शोभत नाही. शिवाय हा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे वनखात्याला न विचारता खड्डे खणत सुटणे योग्य नव्हे.

पावसाळ्यातील खरे काम पाण्याच्या वाटेचे असते. तेथील वाटा तांबड्या मातीच्या आणि जांभ्याच्या आहेत; कडेचे चर पालापाचोळ्याने आणि पर्यटकांच्या बाटल्यांनी तुंबले की पाणी वाटेवरूनच धावते आणि जाताना माती दरीत घेऊन जाते. नगरपरिषदेला आधी पत्र देऊन एका ठरावीक पट्ट्यातील चर मोकळे करण्याचे काम मागून घ्यावे. गोळा केलेला कचरा त्याच संध्याकाळी त्यांच्या माणसांच्या हवाली करावा, कारण रात्रभर बाहेर राहिलेल्या पिशव्या माकडे फाडतात आणि दिवसभराची मेहनत सकाळी पुन्हा वाटेवर पसरलेली दिसते. शार्लोट तलावाचे पाणी गावाच्या पिण्याचे आहे, तेव्हा चिखलाचे हातपाय आणि फावडी तेथे धुऊ नयेत.

सामानाविषयी सांगायचे तर नेरळहून घाट चढणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते. दस्तुरीपर्यंत टॅक्सीने यावे. तेथून पुढे पर्यटकांच्या मोटारींना मनाई आहे. तेथील अमन लॉज स्थानकाहून सुटणारी शटल रेल्वे मिळाली तर उत्तम, नाहीतर बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालावे लागते. शनिवार-रविवारची गर्दी वगळता हमाल आणि घोडेवाले यांचे हे ओढगस्तीचे दिवस असतात. त्यांना टाळून मुलांनीच बोजे उचलायचे आणि वाचलेल्या पैशांतून त्यांनाच ब्लँकेटे वाटायची, हा व्यवहार मला पटत नाही. ठरलेला दर द्यावा आणि घासाघीस करू नये.

वाडीवरची_शिक्षिका:
नेरळकरांचे म्हणणे बहुतांशी मान्य आहे. फक्त सगळे काम पठारावरच आहे असे समजू नये. डोंगराच्या उतारावर आणि पायथ्याशी ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत आणि कपडे, वह्या, धान्य वाटण्यासाठी पावसाळ्यात अनेक गट तेथे येतात. जुलैमध्ये भाताची आवणी चालू असते, त्यामुळे दुपारी वाडीत गेल्यास म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतात, आणि वाटपासाठी थांबवून ठेवल्यास कामाच्या माणसांची मजुरी बुडते. आवणीला हात लावण्याची मुलांना हौस असते, परंतु नवख्याने वरवर खोचलेले रोप पाण्यावर तरंगू लागते आणि शेतकऱ्याला ते पुन्हा लावावे लागते. त्याने बोलावलेच, तर रोपांच्या जुड्या बांधावरून खाचरापर्यंत पोहोचवून द्याव्यात. तेवढ्यानेही कंबर चांगली बोलते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. वाडीत गेल्यावर वाटप आणि प्रार्थना एकत्र करू नये. मनात काहीही नसले तरी त्यातून गैरसमज होतो आणि त्याचा त्रास तुम्ही परतल्यानंतर तेथेच राहणाऱ्या माणसांना होतो. उपासना आपल्या निवासस्थानी घ्यावी.

निवृत्त_परिचारिका:
माथेरानच्या वाटांवर घोड्यांची लीद सगळीकडे असते आणि पावसात ती चिखलात मिसळते. म्हणून प्रत्येकाचे धनुर्वाताचे इंजेक्शन झालेले आहे ना, हे निघण्यापूर्वीच तपासावे. ज्यांच्या पायाला जखम किंवा भेगा आहेत त्यांना चर उपसण्याचे काम देऊ नये, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचीही भीती असते; इतरांना गमबूट आणि रबरी हातमोजे द्यावेत. परतल्यावर पंधरवड्याच्या आत कोणाला ताप आला, तर पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. धुके उतरले असताना कोणालाही पॉइंटांकडे जाऊ देऊ नये. कडा दोन पावलांवर आला तरी दिसत नाही.

उपासनेसाठी पत्र्याचे छप्पर नसलेली खोली मागून घ्यावी. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की पाळकांचा संदेश पहिल्या रांगेच्या मागे पोहोचत नाही. दमट हवेत ढोलकी सारखी उतरते, म्हणून गायनासाठी झांजा आणि खंजिरी पुरेशा आहेत.

पावसाळी_पुणेकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. रोपांचा बेत रद्द होत आहे, याबद्दल तरुणांची थोडी नाराजी आहे, परंतु पाळकसाहेबांना चरांचे काम पसंत पडले. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे या आठवड्यात पत्र पाठवत आहोत आणि हमालीची रक्कम शिबिराच्या खर्चात वेगळी धरली आहे. फावडी आणि घमेली तेथे मिळतील की पुण्याहून न्यावी लागतील, एवढे नेरळकरांनी कृपया कळवावे.