मदत हवी: रोज रात्री अँटिबायोटिक, तेही सहा महिने?

धांदरट_आई: लेकीला परत इन्फेक्शन. वर्षातलं तिसरं. डॉक्टर म्हणतात, आता सहा महिने रोज रात्री कमी डोसचं अँटिबायोटिक. एवढ्याशा पोरीला? कोणी दिलंय का? लवकर सांगा, उद्या जायचंय.

रानजाई: कसलं इन्फेक्शन? घशाचं? वय?

धांदरट_आई: लघवीचं हो! चार वर्षं.

बोरूबहाद्दर: ताप होता? दर वेळी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखतात ते) केलं की नुसती साधी तपासणी? सोनोग्राफी? औषध कुठलं?

उंटावरचा_शहाणा: अजिबात देऊ नका. जंतू निर्ढावतात. क्रॅनबेरी द्या, पुतणीचं त्यानेच थांबलं.

रानजाई: निर्ढावतात हे खरं. २०१४ च्या रिव्हर चाचणीत रिफ्लक्सची (लघवी उलटी किडनीकडे चढते ती) ६०७ मुलं होती. रोजच्या औषधाने इन्फेक्शनं निम्म्यावर आली, पण किडनीवरचे व्रण काही कमी झाले नाहीत. आणि औषध चालू असूनही ज्यांना ई. कोलायने (आतड्यातला जंतू) पुन्हा गाठलं, त्यांच्यातले ६३ टक्के जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते. नुसतं दिखाऊ औषध दिलेल्या दुसऱ्या गटात १९ टक्के.

उंटावरचा_शहाणा: मग मी वेगळं काय म्हणालो?

रानजाई: तुम्ही "अजिबात" म्हणालात. निम्म्यावर येणं थोडं आहे का?

उंटावरचा_शहाणा: २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासतात तो) क्रॅनबेरीचा मुलांना फायदा दिसलाय. वाचा जरा.

आजोबा_ऑनलाइन: अंथरूण ओलं केलं म्हणून मुलांना रागावू नये. आमचा नातू नऊ वर्षांचा होईपर्यंत करायचा.

धांदरट_आई: आजोबा, ती अंथरूण ओलं करत नाही. सोनोग्राफी नॉर्मल. दोनदा ताप, कल्चरमध्ये ई. कोलाय. नायट्रोफ्युरँटोइन दिलंय.

बोरूबहाद्दर: घरात कोणाला जी६पीडीची (रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) कमतरता असेल तर आधी सांगा, त्या औषधाने रक्तपेशी फुटतात. आणि खाण्यासोबत द्या, उपाशीपोटी मळमळतं.

माजघर: शी रोज होते का?

धांदरट_आई: तिचा काय संबंध? चार दिवसांनी एकदा. पहिल्यापासून तशीच आहे.

माजघर: अहो, हे आधी लिहायचं ना! गच्च भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, लघवी पूर्ण सुटत नाही, मागे उरते तिच्यात जंतू वाढतात. आमच्या धाकटीला आठ महिने रात्रीचा डोस दिला. बंद केला आणि तीन आठवड्यांत पुन्हा ताप. मग बद्धकोष्ठाचं औषध सुरू झालं, दर दोन-तीन तासांनी लघवीला बसवायचं, पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली स्टूल. खेळ सोडून उठायला तयार नसायची, रोज रडारड. पण त्यानंतर एकदाही झालं नाही.

उंटावरचा_शहाणा: क्रॅनबेरीही दिली असेल.

माजघर: नाही.

धांदरट_आई: शीचं डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही. उद्या सांगते. पण आज रात्रीचा डोस देऊ की नको?

बोरूबहाद्दर: म्हणजे सुरू केलंय??

धांदरट_आई: परवापासून.