मदत हवी आहे: नॅनोवायरच्या थराचं चिकटणं आणि घर्षण वेगळं कसं करू?

नमस्कार मंडळी. बेळगावात एम.टेक.चा प्रोजेक्ट चालू आहे. काचेवर चांदीच्या नॅनोवायरचा (अतिसूक्ष्म तारांचा) थर, स्पिन कोटिंगने, म्हणजे काच गरगर फिरवून द्रावण पसरवून. तारा पॉलिऑल पद्धतीच्या (ग्लायकॉलसारख्या द्रवात वाढवलेल्या), म्हणजे अंगावर पीव्हीपी या पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचं वेष्टण आलंच.

थर किती चिकटलाय बघायला पहिल्यांदा चिकटटेप लावून ओढली तेव्हा टेपवर करडा पट्टा आला आणि मल्टिमीटरने हात टेकले, थरातून वीज जाईना. मग इथेनॉलने तीनदा धुतलं, ओव्हनमध्ये १५० अंशाला २० मिनिटं ठेवलं. आता थर टिकतो. ते संपलं.

खरी अडचण घर्षणाची. एएफएम (सूक्ष्म टोकाने बल मोजणारा मायक्रोस्कोप) नाही, उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) बसवून घेतलाय, ६ मिमी व्यासाची स्टीलची गोळी, भार २० ते २०० मिलिन्यूटन. घर्षण-भाराची रेघ शून्यातून जात नाही. मागे वाढवली तर भाराच्या अक्षाला उणे ८ मिलिन्यूटनला टेकते, म्हणजे ८ मिलिन्यूटनचं चिकटणं. नुसत्या काचेवर हाच आकडा २ ते ३. पाण्याच्या केशाकर्षणाचं सूत्र या गोळीला गुळगुळीत पृष्ठभागावर जास्तीत जास्त २.७ देतं, म्हणजे काच ठीक. मग वरचे पाच कुठले?

इथला पाऊस तुम्हाला माहीत आहेच, कपाटातले कपडेही ओले लागतात. थर रात्रभर सिलिका जेलमध्ये ठेवला तर ८ चे ५ होतात, पण मोजायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात परत चढतात. नायट्रोजन चेंबर नाही. पुढे काचेऐवजी पीईटी प्लास्टिकवर जायचंय, त्यामुळे जास्त तापवता येणार नाही.

हे पीव्हीपीने शोषलेलं पाणी, की गोळी तारा नांगरतेय म्हणून रेघच वाकडी? एवढ्या साधनांत दोन्ही वेगळं कसं दाखवू?