गजबज कधी गोंगाट होते?

प्रश्न

११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त पुण्यातील लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवला होता, तेव्हा मी तिथे गेले होते. माणसे एरवीपेक्षा जास्त असूनही रस्ता मला निवांत वाटला. पावलांचा आणि बोलण्याचा आवाज सुखावणारा होता. उलट गणपतीच्या आदल्या संध्याकाळी तुळशीबागेच्या बाजारातल्या बोळांत मोटारी नसतानाही तोच माणसांचा आवाज अंगावर येतो. मग गर्दीचा आणि आवाजाच्या त्रासाचा नेमका संबंध काय?

प्रतिसाद १

आधी भौतिक बाजू पाहू. तितक्याच आवाजात बोलणारी माणसे दुप्पट झाली, तर आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते आणि दहापट झाली, तर १० डेसिबलने. परंतु माणसे तितक्याच आवाजात बोलत राहत नाहीत. भोवती कोलाहल असला की आपण नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवले. अरुंद बोळात भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाची त्यात भर पडते, त्यामुळे दाट गर्दीतली वाढ नुसत्या संख्येवरून काढलेल्या हिशेबापेक्षा मोठी असते.

प्रतिसाद २

हिशेब बरोबर आहे, पण माझ्या मते उत्तर डेसिबलमध्ये पूर्ण सापडणार नाही. ध्वनिपरिसराविषयीचे, म्हणजे एखाद्या जागी ऐकू येणाऱ्या सगळ्या आवाजांविषयीचे, आयएसओ १२९१३ हे आंतरराष्ट्रीय मानक (पहिला भाग २०१४) ऐकणाऱ्याच्या अनुभवाला केंद्रस्थानी ठेवते, आणि त्या अनुभवाचे वर्णन सुखदता व घडामोडींची रेलचेल अशा दोन अक्षांवर केले जाते. माणसे वाढली की रेलचेल वाढते. सुखदता मात्र त्याबरोबर वाढेलच असे नाही. मराठीत हा भेद आधीपासूनच आहे: रेलचेल सुखद असेल तर गजबज, नसेल तर गोंगाट. लक्ष्मी रस्त्यावर तुम्हाला हवे तिथे थांबता येत होते, तुळशीबागेत मागचा लोंढा पुढे ढकलत होता. अंग चोरून चालावे लागते तेव्हा कानही त्रासतात, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ३

वर माडीवर राहणाऱ्यांचाही विचार व्हावा. खरेदीला आलेला माणूस तासाभराने घरी जातो, त्यांना तो आवाज रात्रीपर्यंत सोसावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा आहे; आवाज कोणासाठी गजबज आणि कोणासाठी गोंगाट आहे, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. आता तुळशीबागेत एकाच जागी मंगळवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी उभी राहीन, आधी मनाला काय वाटले ते लिहीन आणि मगच ध्वनिमापक पाहीन.