गावच्या घरचे कॅमेरे: रेकॉर्डरवर दिसत नाहीत, आवाजात नुसती घूंघूं. सल्ला हवा

कलमवाला_पुणे:
नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमचं घर आणि थोडी कलमं आहेत, आई-बाबा दोघंच असतात. पडवीत एक आणि खळ्यात एक असे दोन आयपी कॅमेरे (नेटवर्कवर चालणारे) आणि एक रेकॉर्डर आहे, सगळं स्विचवरून (केबली एकत्र जोडणारा डबा) राउटरला. गेल्या महिन्यात फायबर घेतलं, नवा राउटर आला आणि तेव्हापासून रेकॉर्डरवर नुसता काळा पडदा. बसवणारा "उद्या येतो" म्हणतोय, तो उद्या काही उजाडत नाही. शिवाय पडवीतल्या कॅमेऱ्याला बाहेरून माइक जोडलाय, त्यात पहिल्या दिवसापासून घूंघूं. चार दिवस गावी आहे, लॅपटॉप जवळ आहे. कुठून सुरुवात करू?

स्विचवाला:
जुन्या आणि नव्या, दोन्ही राउटरचे आयपी (नेटवर्कमधले पत्ते) सांगा आधी.

कलमवाला_पुणे:
नवा १९२.१६८.२९.१. जुना बाबांच्या दुधाच्या हिशोबाच्या वहीत सापडला: १९२.१६८.१.१.

स्विचवाला:
मग झालं निदान. कॅमेरे जुन्या पत्त्यावर बसलेत, घर मात्र हललंय, रेकॉर्डरने नव्या राउटरकडून नवा पत्ता घेतला असणार. सोपी वाट म्हणजे नव्या राउटरचाच आयपी १९२.१६८.१.१ करा, कॅमेऱ्यांना हात लावायला नको. राउटर ते करू देत नसेल तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२०० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि ब्राउझरमध्ये एकेका कॅमेऱ्याचं पान उघडून नवा आयपी भरा. गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, १९२.१६८.२९.१ करायला विसरू नका, बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. मग रेकॉर्डरमधल्या कॅमेऱ्यांच्या यादीतले पत्तेही बदला.
कॅमेऱ्याला डीएचसीपीवर (राउटर आपोआप पत्ता देतो ती सोय) सोडू नका. तुमच्याकडे पावसात लाइट दहादा जाणार, आल्यावर राउटरने वेगळा पत्ता दिला की रेकॉर्डर पुन्हा आंधळा. राउटर पत्त्याचे शेवटचे आकडे १०० ते २०० वाटत असेल तर कॅमेऱ्यांना ५०, ५१ द्या.

रात्रपाळी:
पुण्यातून बघायला ५५४ पोर्ट फॉरवर्ड करून टाका, म्हणजे राउटरमधून कॅमेऱ्याच्या व्हिडिओचं दार बाहेरून उघडतं, मी तेच केलंय.

स्विचवाला:
अहो, नका शिकवू हे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच उघड्यावरचे, कंपनीचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि तसलीच उपकरणं लाखांनी ताब्यात घेतली होती. आणि राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेटकडचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात (इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते), फॉरवर्ड करूनही बाहेरून काही पोचणार नाही. कंपनीच्या अ‍ॅपवरून बघा, पासवर्ड दणकट ठेवा, यूपीएनपी (उपकरणांना राउटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा.

वायरमामा:
आवाजाचं मी सांगतो. ऑडिओच्या पानावर इनपुट 'माइक इन' आहे की 'लाइन इन'? १२ व्होल्टवर चालणाऱ्या बाहेरच्या माइकमध्ये अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्याला लाइन इनच हवं, नाहीतर आवाज फाटतो. व्हॉल्यूम १०० वर असेल तर ५०-६० वर आणा.
घूंघूं मात्र बहुतेक अ‍ॅडाप्टरची. माइक आणि कॅमेरा एकाच अ‍ॅडाप्टरवर आहेत ना? फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरात असेलच. पाच मिनिटं माइक तिच्यावर चालवून बघा, प्लस-मायनस उलट लावू नका. घूं गेली तर माइकला वेगळा अ‍ॅडाप्टर द्या.
आणि स्ट्रीम 'व्हिडिओ' वर नको, 'व्हिडिओ आणि ऑडिओ' वर ठेवा. मोबाइलवर सब स्ट्रीम (कमी दर्जाचा हलका व्हिडिओ) बघत असाल तर तिथेही वेगळं करावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप मुकी निघाली तर आवाजाच्या फॉरमॅटमध्ये जी.७११ च्या जागी एएसी निवडा.

खळ्यातली_माई:
माइक पत्र्याखाली असेल तर जून ते सप्टेंबर फक्त पाऊस ऐकाल, आमचा अनुभव. आणि कामाला येणाऱ्या गड्यांना सांगा हो, आवाजही टिपला जातो म्हणून. न सांगता ऐकणं बरं नव्हे.

कलमवाला_पुणे:
राउटरने आयपी बदलू दिला! दोन्ही कॅमेरे लगेच आले. इनपुट आधीपासून लाइन इनच होतं. बॅटरी लावल्याबरोबर घूंघूं गायब, मागच्या विहिरीचा रहाट ऐकू आला. आज बाजारातून वेगळा अ‍ॅडाप्टर आणला.
माई, गड्यांना सांगितलं. पण ते ऐकून आईच म्हणाली, पडवीत बायका बसतात तेव्हा मला हे नको. आता माइकचा अ‍ॅडाप्टर वेगळा असल्यामुळे त्याचं बटण तिलाच दाखवून दिलंय. दुपारी बंद, निजताना चालू.