मिरर लेन्सला ‘खेळणं’ म्हणणाऱ्यांसाठी

जुनी काच: परवा इथे कुणीतरी ठासून लिहिलं, “मिरर लेन्स म्हणजे खेळणं. ५०० एमएम हवी तर खरी टेली घ्या, नाहीतर वाट बघा.” डोकंच फिरलं. मिरर म्हणजे दूरचं जवळ आणायला आरसे वापरणारी लेन्स. तसली टॅमरॉनची ५०० एफ/८ मी १५ वर्षं वापरतोय. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, दिवसभर गळ्यात असली तरी मान धरत नाही. १.७ मीटरवर फोकस होते, चतुराच्या पंखावरची जाळी मोजून घ्या. मुख्य काम आरशांचं, त्यामुळे उन्हातल्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ जवळजवळ येतच नाही. खेळणं कसलं?

तिपाई: वजनाचं मान्य. पण एफ/८ (लेन्स किती उजेड आत घेते त्याचा आकडा) लिहिलंय म्हणून एफ/८ चा उजेड मिळत नाही. पुढे मधोमध दुसरा आरसा बसलाय. तो व्यासाच्या निम्मा असेल तर पाव उजेड तिथेच गेला, कॉन्ट्रास्टही उतरतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, लहानमोठं करायची सोय नाही. माझा खंड्याचा फोटो बघायला हवा होता, मधल्या आरशामुळे मागच्या पाण्यावरच्या प्रत्येक चमकेची बांगडी झालेली. शंभरेक बांगड्या आणि त्यात कुठेतरी पक्षी. मी लेन्स विकून टाकली.

पाणकावळा: बांगड्यांपेक्षा फोकसचं बोला. घार घिरट्या घालतेय आणि आपण रिंग फिरवतोय, तोवर ती गेलेली असते.

जुनी काच: हा लेन्सचा दोष नाही. घार कुठे वळते ते हेरायचं, तिथे आधीच फोकस धरून ठेवायचा. ऑटोफोकसने लोकांची बोटं मेली आहेत, कष्टच नकोत कुणाला.

पाणकावळा: जरा जपून बोला. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फाइंडरमधला बारीक फोकस उजव्या डोळ्याला कळत नाही. ऑटोफोकस आहे म्हणून मी अजून पहाटे कॅमेरा घेऊन निघतो. मी कष्ट चुकवतो?

तिपाई: दर वेळी हेच. लेन्सची बाजू घेताना माणसांना कमी लेखायचं.

जुनी काच: पाणकावळा, ते तुम्हाला उद्देशून नव्हतं. तरी लिहायला नको होतं, शब्द मागे घेतो. पण मिररला ऑटोफोकस नसतोच असंही नाही. मिनोल्टाच्या ५०० एफ/८ ला होता, पुढे तीच सोनीनेही विकली.

तिपाई: ए-माउंटवर, म्हणजे त्यांच्या जुन्या लेन्स-जोडणीवर. तो माउंटच आता बंद झालाय.

नवा शटर: मूळ मुद्द्यावर येऊ का? माझीही मिरर धूसर वाटायची. मग लक्षात आलं, जुन्या लेन्सला संपर्कपट्ट्या नाहीत, कॅमेऱ्याला फोकल लेंथ, म्हणजे ते ५०० एमएम, कळत नाही. हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनमध्ये आकडा ५० वरच राहिला होता. ५०० केला, चित्र मोठं करून फोकस धरला, शटर १/१००० ठेवला. चिमणीच्या मिशांचे केस सुटे दिसले.

तिपाई: बरं, माझ्याही निम्म्या फोटोंत हात हलला असेल. एवढं मानतो. बांगड्या मात्र कुठल्याही आकड्याने जात नाहीत. हलकीच हवी तर कॅननची २०२० सालची ६०० एफ/११ घ्या, ९३० ग्रॅम, ऑटोफोकससकट.

जुनी काच: तिचंही अ‍ॅपर्चर एफ/११ वरच अडकलेलं, आणि साडेचार मीटरच्या आत ती फोकसच करत नाही. पाणकावळा यांनी जरूर घ्यावी, घारीसाठी चांगली आहे. माझा चतुर दोन मीटरवर बसतो.