भरलेल्या ट्रॅव्हलरच्या टपावर सामान: बंद करायचं की नाही?

साताऱ्याची_माती: मे महिना आला की साताऱ्यातून कोकणात निघालेल्या १७ सीटर ट्रॅव्हलरच्या टपावर ताडपत्री बांधलेली दिसते. माझं मत स्पष्ट आहे, माणसांनी भरलेल्या गाडीच्या टपावर एकही बॅग चढता कामा नये. गाडी मुळातच उंच, माणसं बसली की भार आणखी वर सरकतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २००१ मध्येच १५ सीटर व्हॅनबद्दल इशारा दिला होता: एकट्या गाडीच्या अपघातात, १० किंवा जास्त माणसं असतील तर व्हॅन उलटण्याचं प्रमाण कमी माणसं असतानाच्या जवळपास तिप्पट. आपण तर वर टपही भरतो.

कराडचा_गाडीवाला: साहेब, बोलायला सोपं आहे. १७ सीट भरल्यावर मागे चार बॅगा जेमतेम बसतात, बाकीच्या मांडीवर घ्यायच्या का? टपावर कॅरिअर नाही म्हटलं की पार्टी दुसरी गाडी बघते. खरी गोम उताराला आहे. ज्या गिअरला घाट चढतो, त्याच गिअरला उतरायचा. डिझेल वाचवायला कुंभार्ली घाटात न्यूट्रल मारणारे पाहिलेत मी. घाटाखाली पोफळीत पोचेस्तोवर ब्रेक लायनरचा जळका वास सुटलेला असतो.

साताऱ्याची_माती: गिअरचं शंभर टक्के मान्य. त्यात कुणी इंजिन बंद केलं तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर जातो आणि पेडल दगडासारखं होतं. पण दादा, वळणावर अचानक एसटी समोर आली आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं, तर चांगले ब्रेक काय करतील? तिथे टपावरचं ओझंच गाडी आडवी करतं.

वाईची_लेक: सामान खाली घेऊन सगळं मागे कोंबलंत तरी घात आहे. मागच्या चाकांच्या पलीकडे वजन गेलं की गाडीचं शेपूट डुलतं. जड बॅगा पुढे, सीटखाली, बांधून.

मिरजकर: टप, टप काय लावलंय! रात्रभर गाडी हाकायची, सकाळी दर्शन, दुपारी परत, आणि ड्रायव्हर एकच. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यातच दिवसाला ८ तास काम लिहिलं होतं. आधी दुसरा ड्रायव्हर मागा, टपाचं नंतर बघू.

साताऱ्याची_माती: दुसरा ड्रायव्हर हवाच, पण जागा ड्रायव्हरच्या गाडीचा टपही भरलेलाच असतो. १७ सीटरमध्ये १४ माणसं बसवा, तीन सीट सामानाला. पूर्ण भाडं आम्ही देऊ.

कराडचा_गाडीवाला: तुम्ही द्याल. बाकीची पार्टी १७ च्या जागी १९ बसवा म्हणते. कॅरिअर मी तूर्त काढत नाही.